कळमन्याच्या यार्डात अ‍ॅप अडकतं, ऑफिसात पळतं: परफेटोच्या ट्रेसमध्ये नेमकं काय बघायचं?

धरमपेठची_डेव्ह

नमस्कार मंडळी. नागपूरच्या कळमना मार्केटमधल्या अडत्यांसाठीचं एक अँड्रॉइड अ‍ॅप मी सांभाळते. लिलावात भाव पुकारला की अडत्याचा दिवाणजी फोनवर पोती, वजन आणि भाव टाकतो, आणि कमरेला लावलेल्या ब्लूटूथ प्रिंटरवरून शेतकऱ्याच्या हातात काटापट्टी येते. सध्या मिरचीचा हंगाम आहे, यार्डात ढीगच ढीग.

तक्रार अशी की नोंदींची यादी सरकवताना झटके बसतात, आणि ‘नवी नोंद’ दाबलं की पडदा कधी कधी दोन-तीन सेकंद तसाच राहतो. तेवढ्यात लिलाव पुढच्या ढिगावर गेलेला असतो. दिवाणजी मग कागदावर लिहून घेतात आणि दुपारी सगळं पुन्हा अ‍ॅपमध्ये भरतात. रात्री गाडी भरून आलेला शेतकरी पट्टीसाठी तसाच उभा. मला हे मनापासून थांबवायचं आहे.

ऑफिसात त्याच मॉडेलचा फोन आहे: ३ जीबी रॅम, अँड्रॉइड १०. त्यावर सगळं सुरळीत चालतं. अँड्रॉइड स्टुडिओचा प्रोफायलर माझ्या लॅपटॉपला झेपत नाही, म्हणून कमांड लाइनवरून परफेटो चालवलं; फोनमध्ये कोणतं काम कधी आणि किती वेळ चाललं याची नोंद, म्हणजे ट्रेस, घेणारं हे साधन. आधी ते सुरूच होईना. ‘सेटप्रॉप पर्सिस्ट.ट्रेस्ड.एनेबल १’ दिल्यावर चाललं. मग ही कमांड दिली:

एडीबी शेल परफेटो -ओ /डेटा/मिस्क/परफेटो-ट्रेसेस/ऑफिस -टी २०एस शेड जीएफएक्स व्ह्यू

फाइल ब्राउझरमध्ये उघडली तर रंगीत पट्ट्यांचा समुद्र. यात काय शोधायचं? आणि यार्डात लॅपटॉप मांडायला जागा नाही, तिथला ट्रेस कसा घ्यायचा? याच कामाचं जुनं साधन सिस्ट्रेस सोपं होतं म्हणतात, ते वापरू का?

पारडी_नाका

सिस्ट्रेस शोधत बसू नका, प्लॅटफॉर्म टूल्सच्या ३३.०.१ आवृत्तीपासून ते काढून टाकलंय.

ताई, पहिली गोष्ट, ट्रेस डीबग बिल्डचा, म्हणजे चुका शोधण्यासाठी बांधलेल्या अ‍ॅपचा, आहे का? डीबग बिल्डची वेळ खरी धरता येत नाही, रनटाइम त्यात बरेच सुधार करतच नाही. रिलीझ बिल्ड, म्हणजे लोकांना देतो तेच, घ्या आणि मॅनिफेस्टमध्ये (अ‍ॅपच्या माहितीच्या फाइलमध्ये) ‘प्रोफाइलेबल’चा टॅग टाकून त्यात ‘शेल’ला परवानगी द्या. अँड्रॉइड १० पासून हे चालतं. मग अ‍ॅप डीबगेबल न करताही त्याचे सेक्शन, म्हणजे कोडमध्ये नाव देऊन खूण केलेले भाग, ट्रेसमध्ये दिसतात.

सदर_बझार

पारडीवाल्या भाऊंचं बरोबर आहे. पण ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच शीर्षकात आहे. यार्डात अडकतं तर ट्रेस यार्डातलाच पाहिजे, आणि तोही दिवाणजींच्या फोनचा. ऑफिसातला फोन एसीत, चार्जरवर, आत दुसरं एकही अ‍ॅप नाही. त्याचा ट्रेस हिरवागार येणारच, आणि त्यात कितीही शोधलं तरी हाती काही लागणार नाही. मी या कामात बरीच वर्षं आहे, आणि लोकांना सगळ्यात जास्त वेळ चुकीच्या जागचा ट्रेस वाचण्यात घालवताना पाहिलंय.

लॅपटॉप यार्डात न्यायची गरज नाही. फोनच्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ‘सिस्टिम ट्रेसिंग’ आहे, अँड्रॉइड ९ पासून. तिथून क्विक सेटिंग्जमध्ये बटण ठेवता येतं. ‘डीबगेबल अ‍ॅप्लिकेशन्स’चा ट्रेस घेण्याचा पर्यायही चालू करा. अडकलं की दिवाणजी बटण बंद करतील, फाइल फोनातच राहील. कमांड लाइन हवीच असेल तर गाडीच्या बॉनेटवर लॅपटॉप ठेवूनही होतं, पण तुमच्या कमांडमध्ये तीन गोष्टी घाला: ‘-बी ३२एमबी’, म्हणजे बफर (ट्रेस साठवायची तात्पुरती जागा) पुरेल, ‘-ए’ आणि पुढे तुमच्या पॅकेजचं नाव, आणि शेवटी शेड, जीएफएक्स, व्ह्यू हे वर्ग आहेत त्यांच्यात फ्रीक, डाल्व्हिक, बाइंडर_ड्रायव्हर, एएम. फ्रीक नसेल तर सीपीयू किती वेगाने चालत होता ते कळणारच नाही, आणि आपल्या नागपुरात एप्रिल-मे मध्ये तेच सगळ्यात महत्त्वाचं.

आता वाचायचं कसं. डब्ल्यू आणि एस ने झूम करा, ए आणि डी ने डावी-उजवीकडे सरका. सगळ्या पट्ट्या सोडा. फक्त तुमच्या अ‍ॅपची प्रोसेस उघडा आणि त्यातला मेन थ्रेड बघा, म्हणजे पडदा रंगवणारा आणि बोटाचा स्पर्श हाताळणारा कामाचा धागा. त्याला दोन ओळी असतात. खालच्या ओळीत तुमच्या कामांची नावं, म्हणजे कोरिओग्राफरचा डू-फ्रेम (पडद्याचं एक चित्र, म्हणजे फ्रेम, तयार करणं), इन्फ्लेट (पडद्याची मांडणी उभी करणं) वगैरे. वरची बारीक ओळ लोक बघतच नाहीत, आणि खरं उत्तर बहुतेक वेळा तिच्यातच असतं. थ्रेड त्या क्षणी कोणत्या अवस्थेत होता ते ती सांगते.

गडद हिरवा म्हणजे रनिंग, थ्रेड खरोखर सीपीयूवर होता. फिका हिरवा म्हणजे रनेबल: काम तयार आहे, पण कोअर मोकळा नाही. बँकेत टोकन हातात घेऊन बसल्यासारखं. पांढरा म्हणजे झोपलेला, कुणाची तरी वाट बघून राहिला आहे. नारिंगी म्हणजे डिस्कची वाट. एकाच डू-फ्रेमला ४० मिलिसेकंद लागले, तर ते चार वेगवेगळ्या कारणांनी असू शकतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा. रनिंग असेल तर कोड हलका करा. रनेबल असेल तर मागे कोण सीपीयू खातंय ते बघा. पांढरा असेल तर कोड हलका करून काहीच फरक पडणार नाही, आधी तो कुणासाठी थांबला ते शोधा.

उन्हाचं म्हणायचं तर हिशेब सोपा आहे. ६० हर्ट्झच्या पडद्यावर एका फ्रेमला १६.६ मिलिसेकंद मिळतात. समजा यादीची एक फ्रेम तयार करायला ऑफिसात ९ लागतात. झटका नाही, सगळे खूश. यार्डात पारा ४५ च्या घरात, फोन शर्टाच्या खिशात, पडद्याचा उजेड पूर्ण. फोन तापला की सिस्टिम सीपीयूची फ्रिक्वेन्सी उतरवते. ती निम्मी झाली की तेच काम साधारण १८ वर जातं, आणि फ्रेम हुकते. कोड तोच, फोन तोच. म्हणून फ्रीकच्या पट्टीत बघा, आलेख कुठे चपटा होऊन वर चढायचा थांबला आहे का. सोबत ‘एडीबी शेल डम्पसिस थर्मलसर्व्हिस’ द्या. निर्मात्याने सोय दिली असेल तर त्यात ० ते ६ असा थर्मल स्टेटस दिसतो. ३ म्हणजे सिव्हिअर.

आणखी एक. ट्रेसमध्ये दिवाणजींच्या फोनवर चालू असलेल्या इतर अ‍ॅप्सची नावंही येतात. त्यांना विचारूनच घ्या, आणि फाइल इथे जोडू नका. ब्राउझरमधला परफेटोचा पडदा फाइल तुमच्याच मशीनवर वाचतो. शेअर दाबल्याशिवाय ती कुठे जात नाही.

धरमपेठची_डेव्ह

सदरवाले दादा, फार आभार. यार्डात जाऊन आले. दुपारी, रिलीझ बिल्ड, दिवाणजींचाच फोन, त्यांची परवानगी घेऊन.

यादीचं तुम्ही म्हणालात अगदी तसंच निघालं. फ्रीकचा आलेख ऑफिसातल्या ट्रेसमध्ये टोकाला जातो, यार्डात मध्येच चपटा. मेन थ्रेड गडद हिरवा, म्हणजे काम खरोखर चालू होतं, फक्त हळू. प्रत्येक ओळ दाखवताना आमचा कोड रुपयांचा आकडा मांडण्यासाठी नवा फॉरमॅटर तयार करत होता. तो आता एकदाच तयार होतो.

पण ‘नवी नोंद’चं वेगळंच आहे. तिथे मेन थ्रेड पांढरा आहे, लांबच लांब. खाली ‘मॉनिटर कंटेन्शन विथ ओनर’ असं लिहिलेली पट्टी आहे आणि पुढे आमच्या प्रिंटरच्या थ्रेडचं नाव. हे ऑफिसात एकदाही दिसलं नव्हतं.

सदर_बझार

ऑफिसात प्रिंटर जोडलेला होता का? नसणारच. ही पट्टी डाल्व्हिकच्या वर्गातून येते आणि ट्रेसमधल्या सगळ्यात कामाच्या पट्ट्यांपैकी आहे. एका थ्रेडने कुलूप (एका वेळी एकालाच डेटाला हात लावू देणारी सोय) धरलंय आणि दुसरा त्याच्यासाठी थांबलाय, हे ती सांगते; कुलूप कुणी आणि कोणत्या मेथडमध्ये धरलं तेही तिच्याच नावात लिहिलेलं असतं. नाव पूर्ण वाचा.

माझा अंदाज असा: प्रिंटरचा थ्रेड नोंदींचं कुलूप धरूनच ब्लूटूथवर पट्टी पाठवतो. तो थर्मल प्रिंटर हळू कागद सोडतो, मधली साठवण भरली की ब्लूटूथच्या जोडणीवर (सॉकेटवर) लिहिणं अडून राहतं, आणि तोवर कुलूप सुटत नाही. तेवढ्यात दिवाणजींनी ‘नवी नोंद’ दाबलं की मेन थ्रेडलाही तेच कुलूप हवं. म्हणजे दोन-तीन सेकंद म्हणजे पट्टी छापायचाच वेळ.

तसं असेल तर कुलूप धरून फक्त नोंदीची प्रत काढा, कुलूप सोडा, आणि मग ती प्रत निवांत छापा. आणि बघाच, मिरचीच्या गर्दीत एकामागून एक पट्ट्या निघतात तेव्हा हे जास्त होत असणार.

धरमपेठची_डेव्ह

अंदाज तंतोतंत. मेथडचं नाव पट्टीतच होतं. तुम्ही सांगितलं तसं बदललं, नवा ट्रेस घेतला: पट्टी छापली जात असताना ‘नवी नोंद’ लगेच उघडतं, पांढरा भाग गेला. दिवाणजींनी पूर्ण सकाळ कागदाला हात लावला नाही, आणि हे ऐकून मला फार बरं वाटलं.

आता प्रत्येक रिलीझला हे तपासायचं तर दर वेळी डोळ्यांनी पट्ट्या शोधाव्या लागतील का? आणि आम्ही घातलेले ट्रेस सेक्शन रिलीझमध्ये ठेवावे की काढावे?

बुटीबोरी_शिफ्ट

डोळ्यांनी नको. ट्रेस प्रोसेसर नावाचं कमांड लाइनचं साधन आहे, ते त्याच फाइलवर एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा, चालवतं. ‘स्लाइस’ टेबलमध्ये सगळ्या नावांच्या पट्ट्या असतात, ‘थ्रेड_स्टेट’ मध्ये अवस्था. मेन थ्रेडच्या ओळी घेऊन स्टेटनुसार वेळेची बेरीज केली की रनिंग किती, झोपलेला किती, लगेच समोर येतं. वेळ नॅनोसेकंदात असते, दहा लाखांनी भागा म्हणजे मिलिसेकंद. स्लाइसमध्ये ‘मॉनिटर कंटेन्शन’ ने सुरू होणारी नावं शोधणारी क्वेरी रिलीझच्या स्क्रिप्टमध्येच टाका. आमच्या टीममध्ये असंच आहे: मेन थ्रेडवर १६ मिलिसेकंदांहून मोठी अशी पट्टी सापडली की बिल्ड पुढे जात नाही.

सदर_बझार

हेच करा. सेक्शन मोठ्या कामांभोवती ठेवा: नोंद जतन करणं, पट्टी तयार करणं, यादी भरणं. ट्रेसिंग बंद असताना त्यांचा खर्च नगण्य. यादीच्या प्रत्येक ओळीत मात्र घालू नका, तिथे ते मोजणीच बिघडवतात. नाव १२७ अक्षरांच्या आत ठेवा, आणि त्यात शेतकऱ्याचं नाव किंवा फोन नंबर कधीही नको.

अँड्रॉइड १२ किंवा पुढचा फोन हाती आला तर ‘फ्रेमटाइमलाइन’ही चालू करा. फ्रेम कधी यायला हवी होती आणि कधी आली, दोन्ही ओळी शेजारी दिसतात, आणि उशीर अ‍ॅपमुळे की सिस्टिममुळे हेही तिथेच कळतं.