बेसबॉलचं स्प्रिंग ट्रेनिंग २०२५ : कोण संघात, कोण उपचारांत? तुमचे अनुभव लिहा

मंडळी, फेब्रुवारीच्या मध्यावर सीझनआधीच्या सरावासाठी पिचर-कॅचर (चेंडू टाकणारे आणि झेलणारे) फ्लोरिडा आणि ॲरिझोनात दाखल झाले की आमच्याकडे सकाळचा चहा दुखापतींच्या बातम्यांबरोबरच होतो. मार्चमधला सराव सामना कोण जिंकलं, हे जिंकणाऱ्यालाही संध्याकाळी आठवत नाही. लक्ष सगळं कुणाचं काय दुखतंय याकडे.

यंदा आम्हा न्यूयॉर्क यँकीजवाल्यांची पार दैना झाली आहे. हिवाळ्यात आमचा फटकेबाज ह्वान सोटो १५ वर्षांच्या, ७६ कोटी ५० लाख डॉलरच्या करारावर शेजारच्या मेट्सकडे गेला. पिचर मॅक्स फ्रीड आणि बॅटर बेलिंजर, गोल्डश्मिट आले म्हणून तो घोट कसाबसा गिळला. मग दुखापती सुरू: स्टँटनची दोन्ही कोपरं, लमेह्यूची पोटरी, पिचर लुईस हीलचा पाठीचा स्नायू (गेल्या वर्षीचा अमेरिकन लीगचा सर्वोत्तम नवोदित!) आणि शेवटी आमचा अव्वल पिचर गेरिट कोल.

माझं मत आधीच सांगते. कोल गेला त्याच आठवड्यात एक दमदार पिचर आणायला हवा होता, पैसा असो नाहीतर बदल्यात होतकरू पोरं द्यावी लागोत. नवऱ्याचं मत उलटं आहे, म्हणून हा धागा. कुठल्याही संघाचे असा, या दिवसांत स्वतः पाहिलेलं आणि भोगलेलं लिहा. आकड्यांची फेकाफेक नंतर.

एडिसनकर
९ मार्चच्या रविवारी चॅम्पियन्स ट्रॉफीच्या फायनलसाठी आम्ही मित्राच्या बेसमेंटमध्ये पहाटे पाचला जमलो. त्याच रात्री घड्याळं तासभर पुढे गेलेली, सगळ्यांचे डोळे तारवटलेले. टीव्हीवर दुबई आणि हातातल्या फोनवर कोलचं कोपर. गुरुवारी मिनेसोटा ट्विन्सनी त्याला झोडपलं आणि नंतर कोपर दुखायला लागलं, एवढंच बाहेर आलं होतं. इकडे बुमरा पाठीमुळे घरी, तरी आपण कप उचलला. सोमवारी कळलं, कोपराची टॉमी जॉन शस्त्रक्रिया, कोलचा सीझन संपला.
मी धागाकर्तीच्या नवऱ्याच्या बाजूने. बुमराच्या जागी जो आला त्याला घेऊनच जिंकलो ना? घाबरून पोरं विकू नका.

खडूस
चॅम्पियन्स ट्रॉफी पाच सामन्यांत आटोपते हो. इथे १६२ आहेत. पाच सामने यँकीजचा म्हातारा पिचर करास्कोसुद्धा ओढेल.

फिजिओताई, पुणे
यँकीजचे दुपारचे सामने आपल्याकडे रात्री १०:३५ ला लागतात. क्लिनिक आवरून, जेवून बसलं की वेळ बरोबर जमते. माझ्याकडे येणारी बोलिंग करणारी मुलं बहुतेक कंबर धरून येतात, कारण क्रिकेटमध्ये हात सरळ ठेवून चेंडू टाकायचा. पिचरचा हात मागे वळतो तेव्हा कोपराच्या आतल्या बाजूचं लिगामेंट ताणलं जातं. दर चेंडूला तेच. ते फाटलं की शरीरातलाच दुसरा एखादा टेंडन काढून तिथे बसवायचा. १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरवर हे पहिल्यांदा केलं. त्यानंतर तो पठ्ठ्या आणखी १६४ सामने जिंकला! पण परत यायला साधारण वर्ष ते दीड वर्ष लागतं. कोलची शस्त्रक्रिया ११ मार्चला झाली, म्हणजे पुढच्या सीझनच्या सुरुवातीलाही तो दिसेलच असं धरू नका.
मला हीलची काळजी जास्त वाटते. त्याचा दुखावलेला लॅट हा पाठीचा मोठा स्नायू आहे, तिथे घाई केली की पुन्हा तेच. सहा आठवडे चेंडूला हात लावायचा नाही म्हणतात. पेशंटला सहा आठवडे गप्प बसवणं काय असतं ते मला विचारा.

दाढीवाला
फेब्रुवारीत यँकीजने इतक्या वर्षांचा नियम मोडून खेळाडूंना दाढी ठेवायची परवानगी दिली. मार्चमध्ये कोपरं गेली. दाढीचाच कोप आहे हा.

टँपाची वहिनी
आमचं घर स्टाइनब्रेनर फील्डपासून, म्हणजे यँकीजच्या सरावाच्या मैदानापासून जवळ. लेकाला घेऊन जाते. तिथली खरी गंमत पाचव्या इनिंगनंतर. जज वगैरे स्टार मंडळी अंघोळ करून घरी गेलेली असतात आणि मैदानात नव्वदच्या आसपासचे नंबर घातलेली पोरं उतरतात. यँकीजच्या पाठीवर नाव नसतंच, त्यामुळे कोण कोणाच्या जागी आला ते स्टँडमध्ये कुणालाच कळत नाही. लेक स्कोअरकार्डवर "८९-९४ पैकी कुणीतरी" असं लिहून ठेवतो. शेजारचे आजोबा मात्र प्रत्येकाचं गाव सांगतात. खरं सांगतात की ठोकून देतात, देव जाणे.
आम्ही मुळात टँपा बे रेजवाले. ऑक्टोबरमध्ये मिल्टन वादळाने रेजच्या ट्रॉपिकाना मैदानाचं छप्पर फाडलं, म्हणून यंदा रेजचे घरचे सामने याच यँकीजच्या मैदानावर. पाहुण्याच्या घरात संसार थाटायचा, ११ हजार खुर्च्यांत.
त्यात आमचा पिचर मॅक्लॅनहन. २०२३ च्या ऑगस्टमध्ये त्याची टॉमी जॉन झाली, गेलं वर्ष पूर्ण गेलं. यंदा पहिल्या दिवशी तोच पिच करणार हे ठरलेलं. आणि सीझनच्या तोंडावरच्या सराव सामन्यात एक चेंडू टाकला आणि हात धरून ओरडलाच. घरी टीव्हीचा आवाज बारीक होता, तरी आम्ही दोघं उठून उभे राहिलो. ट्रायसेप्सची नस म्हणाले. तुम्ही लोक कोल-कोल करताय, आमचं दुःख कुणी विचारत नाही.

धागाकर्ती
वहिनी, विचारलं हो! म्हणूनच "कुठल्याही संघाचे" लिहिलंय.

बॅकबेंचर
रोस्टर (संघातल्या खेळाडूंची यादी) म्हणजे गुणवत्ता यादी नव्हे, हे मी बरीच वर्षं बोंबलून सांगतोय. यँकीजच्या पेराझाने मार्चमध्ये काय दिवे लावले? तरी २६ जणांत आला, कारण त्याचे "ऑप्शन" (थेट खाली पाठवायची मुभा) संपलेत. मायनर्समध्ये, म्हणजे खालच्या लीगमध्ये, पाठवायचा तर आधी बाकीच्या सगळ्या संघांना उचलायची संधी द्यावी लागते. उलट डॉजर्सचा हेसंग किम. कोरियातून करार करून आणला आणि पाठवला ओक्लाहोमा सिटीला, त्यांच्या मायनर्सच्या संघात. त्याला पाठवता येत होतं, म्हणून पाठवला.
यँकीजचा पिचर स्ट्रोमन, त्याची तर कमाल. हिवाळाभर त्याला विकायच्या बातम्या. कॅम्पात पत्रकारांना ठणकावून सांगितलं, मी स्टार्टरच (सामन्याची सुरुवात करणारा पिचर) आहे. आम्ही हसलो. तीन-चार आठवड्यांत हील गेला, कोल गेला, तिसरा पिचर श्मिट, त्याचा खांदा कुरकुरला, आणि आता तोच स्टार्टर.

एडिसनकर
करास्कोवर बोलू नका बुवा. ल्युकेमियातून उठून २०१९ मध्येच पुन्हा मैदानावर आलेला माणूस. ३८ व्या वर्षी मायनर लीगच्या करारावर आला आणि जागा मिळवली.

खडूस
आदर आहेच. पण आदराने स्ट्राइक पडत नाहीत.

मुलुंडचा मामा
यँकीजचा कॅचर एस्कारा! ओरिओल्स संघाने सोडल्यावर उबर चालवली, शाळेत बदली शिक्षक म्हणून गेला. तिशीला टेकलेला असताना पहिल्यांदा संघात. आईला फोन करून सांगतानाचा व्हिडिओ मी बायकोला दाखवला. तिला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. "याला घेतलं ते बरं केलं" म्हणाली आणि पुन्हा लावायला सांगितला.
आमच्या भाच्याला मात्र स्टँटनच्या जागी बेन राइस रोज हवा. राइसची बॅट चालतेय, पण डावखुऱ्या पिचरसमोर त्याला पाठवणार का, यावर त्याने माझ्याशी न्यू जर्सीहून व्हिडिओ कॉलवर वाद घातला. वय वर्षं बारा.

एडिसनकर
(शनिवार, २९ मार्च) काय मंडळी? यँकीजने ब्रुअर्सना २०-९ हरवलं! नऊ होमरन! त्यांचा पिचर कोर्टेस, त्याच्या पहिल्या तीन चेंडूंवर तीन, गोल्डश्मिट, बेलिंजर, जज. आपलाच जुना कोर्टेस, डेव्हिन विल्यम्सच्या बदल्यात दिलेला. अजून पिचर विकत घ्यायचाय का?

धागाकर्ती
नऊ धावा दिल्या, ते वाचलंत का? तेही फ्रीडने सुरुवात करून. वीस धावा रोज कोण काढून देणार? माझं मत कायम.

टँपाची वहिनी
इथल्या पाट्या बदलल्या. सगळीकडे रेज. लेक म्हणतो, आता ओळखीचे नंबर आले, लिहायला मजा नाही. परवा कुणाला जोडीला यायचं असेल तर कळवा, एक तिकीट जास्तीचं आहे.