पत्ताच नाही, त्याची मेल का घ्यायची?

यार्डवाला (सांगली)
बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजचा मेल सर्व्हर मी बघतो. त्यावर पोस्टफिक्स हे मेल सॉफ्टवेअर आहे. परवा नियम लावला: पाठवणाऱ्याच्या डोमेनला (पत्त्यातलं @ च्या पुढचं नाव) डीएनएसमध्ये, म्हणजे इंटरनेटच्या पत्तावहीत, ना एमएक्स (मेल कुठं द्यायची) ना ए (सर्व्हर कुठं आहे) रेकॉर्ड, तर मेल दारातूनच परत. झालं, कुरबुर सुरू! अरे, ज्या डोमेनचा ठावठिकाणा नाही त्याला उत्तर तरी कुठं धाडणार? आत घेऊन स्पॅममध्ये टाकली तर त्याला वाटतं पोचली, आणि इकडं कुणी उघडत नाही. त्यापेक्षा तोंडावर नकार बरा.

तासगावकर
कसला तोंडावर नकार? पोस्टफिक्सचं मूळ सेटिंग ४५०, म्हणजे ‘नंतर या’. समोरही पोस्टफिक्स असेल तर ५ दिवस मेल रांगेत ठेवून खेटे घालत बसतो, आणि पाठवणारा निवांत. ऐन सौद्यात एखाद्या अडत्याच्या डोमेनचं काही बिघडलं की शेतकऱ्याची विक्रीच्या हिशेबाची पट्टी अडकली. बोंब कुणाच्या नावानं मारायची?

यार्डवाला
५५०, म्हणजे कायमचा नकार, केलंय; लगेच परत जाते. डीएनएसच तात्पुरतं गंडलं असेल तर पोस्टफिक्स तरीही ४५०च देतं. आणि डोमेनचं रिन्यूअल विसरलेल्याची एवढी काळजी नको. रजिस्ट्रार, म्हणजे डोमेन विकणारी कंपनी, बऱ्याचदा असलं डोमेन पार्किंगच्या (स्वतःच्या तात्पुरत्या) पानावर वळवते, ए रेकॉर्ड सापडतो, मेल आत येते.

मिरज जंक्शन
अडत्या फोन तरी करेल हो. आमच्या मिरजेच्या चेंबरचा कंट्रोलर तापमान चढलं की ‘चेंबर डॉट लोकल’ असल्या पत्त्यावरून अलार्म मेल टाकतो. तुमच्या नियमात ती पहिली मरणार. नकार वाचायला तिथं माणूस कुठाय?

यार्डवाला
हा मुद्दा खरा. कंट्रोलरमध्ये पाठवणारा पत्ता आपल्या डोमेनचा टाका. तो बदलत नसेल तर आयपी कळवा, नियमाच्या आधी सूट लावतो.

विश्रामबाग
एवढा खटाटोप करून अडवणार कुणाला? लबाडाचे कागद सगळ्यांत चोख असतात राव! ओळखीतल्या एका निर्यातदाराला ‘बँक खातं बदललंय’ म्हणून इनव्हॉइस आलं. मेल खरंच त्या डोमेनची आहे का हे बघणाऱ्या तपासण्या, एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क, तिन्ही पास. नीट बघितलं तर डोमेनच्या नावात इंग्रजी ‘एम’च्या जागी ‘आर’ आणि ‘एन’ चिकटून बसलेले. तुमचा नियम याला सलाम ठोकून आत सोडणार, आणि अडकणार तो साधा माणूस.

यार्डवाला
खातं बदललं म्हटल्यावर जुन्या नंबरवर फोन लावायचा. ते काम सर्व्हरचं नाही. जीमेलवर दिवसाला ५,००० च्या वर मेल टाकणाऱ्यांना फेब्रुवारी २०२४ पासून हे तिन्ही सक्तीचे आहेत, पण त्यातून मेल कुठल्या डोमेनची एवढंच कळतं. माणूस सज्जन आहे का, ते नाही. मी तर त्याहून कमी मागतोय: डोमेन अस्तित्वात असू दे.

तासगावकर
मग पोस्टफिक्सचं ‘वॉर्न इफ रिजेक्ट’ सेटिंग लावा की. मेल अडत नाही, लॉगमध्ये नोंद होते. हंगामभर बघा कोण कोण सापडतंय, मग काय ती दारं लावा.

यार्डवाला
हंगामभर नाही. आठवडाभर लावतो. लॉगमध्ये तुमचा एक जरी अडत्या निघाला तर बोलू.

तासगावकर
आठवड्यात सौदे होतात किती? निदान महिना तरी द्या.