नगरसेवकाचा प्रभाग-निधी बंद करावा का?

प्रभागफेरी:
माझं मत, बंद करावा. अर्थसंकल्पात नगरसेवकाच्या नावाने जी रक्कम राखून ठेवतात (पुण्यात ‘स’ यादी म्हणतात) तिने या पदाचं वाटोळं केलंय. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात कार्यकारी अधिकार कलम ६७ने आयुक्तांना दिलेत. नगरसेवकाचं काम सभागृहात आहे. आयुक्तांनी स्थायी समितीपुढे ठेवलेलं अंदाजपत्रक तपासायचं, २० फेब्रुवारीच्या आत करांचे दर ठरवायचे, मोठ्या निविदांवर प्रश्न विचारायचे. पण अंदाजपत्रकाच्या चर्चेत बहुतेक भाषणं "माझ्या प्रभागाला किती" एवढ्यावरच संपतात. पुढे वर्षभर चांगले ब्लॉक उखडून नवे बसवणं, बाकडी, कमानी, दिशादर्शक फलक. रक्कम आधी ठरते आणि मग तिच्यासाठी काम शोधलं जातं.

गटारलाइन:
साफ अमान्य. मलनिस्सारण खातं मुख्य वाहिन्या बघतं. वस्तीतली चाळीस मीटरची तुंबणारी लाइन त्याच्या यादीत कधीच वर येत नाही, कारण तिथे राहणाऱ्या पंचवीस घरांचा आवाज खात्यापर्यंत पोचत नाही. १५० मिमीचा जुना पाइप काढून २५०चा टाकायचा, दोन चेंबर वाढवायचे, उतार नीट घ्यायचा, एवढंच काम असतं. ते होतं फक्त निधीतून. तो काढलात तर नगरसेवकाच्या हातात काय उरतं? लेटरहेड. लेटरहेडवर कनिष्ठ अभियंता "निधी उपलब्ध झाल्यास" असा शेरा मारतो आणि फाइल कपाटात जाते. मुंबई-पुण्यात मार्च २०२२ला मुदत संपून प्रशासक बसले, तेव्हा सभागृह नव्हतं आणि असला निधी मागणारंही कोणी नव्हतं. वस्त्यांमधली छोटी कामं आपोआप झाली का मग?

मोजमापवही:
दोघांचंही अर्धंच बरोबर आहे. निधी वाईट खर्च होतो त्याचं मोठं कारण वेळापत्रक आहे. यादीत शीर्षक असतं "प्रभागात ठिकठिकाणी काँक्रिटीकरण करणे". लांबी नाही, रुंदी नाही, गल्लीचं नाव नाही. मग एप्रिलनंतर स्थळपाहणी, पूर्वगणनपत्रक (खर्चाचा अंदाज), तांत्रिक मान्यता, निविदा, दर जास्त आले म्हणून फेरनिविदा. कार्यादेश निघेपर्यंत जानेवारी उजाडतो आणि ३१ मार्चला न वापरलेला निधी व्यपगत (रद्द) होणार म्हणून सगळा प्रभाग एकदम खणला जातो. अभियंता एक, कामं पंधरा. मोजमाप पुस्तिकेत (झालेल्या कामाची मापं लिहायची वही) नोंदी कार्यालयात बसून होतात.

ज्यांना खरंच काम करायचंय ते नोव्हेंबर-डिसेंबरमध्येच अभियंत्याला घेऊन फिरतात, गल्लीनिहाय मोजमाप घेतात आणि अंदाजपत्रक बंद होण्याआधी शीर्षकात नेमकं ठिकाण घालून घेतात. कागद पावसाळ्यात पूर्ण करायचे, ऑक्टोबरला खोदाई. आणि क्रम पाळायचा: आधी ड्रेनेज, मग पाण्याची लाइन, मग केबलसाठी रिकामा डक्ट, शेवटी वरचा थर. सर्वांत जास्त घोळ इथेच होतो. काँक्रीट आधी, पाइप नंतर!

आणखी एक. जुना थर न काढता वर काँक्रीट ओतलं की रस्ता घरांच्या जोत्यापेक्षा उंच होतो आणि पहिल्याच पावसात पाणी आत शिरतं. निविदेत "अस्तित्वातील पृष्ठभाग काढणे" ही बाब आहे का, एवढं नगरसेवकाने वाचलं तरी पुष्कळ. ब्लॉकचंही तसंच. टेम्पो जाणाऱ्या गल्लीत ६० मिमीचा ब्लॉक, खाली नीट दाबलेली खडी नाही, कडेला कर्ब नाही. मग सहा महिन्यांत खचणारच. तरी दोष दायित्वाच्या मुदतीत (काम बिघडलं तर ठेकेदारानेच दुरुस्त करून द्यायचा काळ) ठेकेदाराला परत बोलावणारं पत्र फार थोडे जण लिहितात.

प्रभागफेरी:
वेळापत्रक सुधारलं तरी वर्गीकरणाचं काय? वर्षाच्या मधेच एका शीर्षकातली रक्कम दुसरीकडे वळवायचा प्रस्ताव स्थायीत येतो आणि बहुतेक वेळा चर्चेविना मंजूर होतो. पाण्याच्या टाकीची रक्कम कमानीला गेली, हे नागरिकाला कळायचं कसं? शिवाय ई-निविदेच्या मर्यादेखाली बसावं म्हणून एका गल्लीचे तीन तुकडे करतात. चार सदस्यांच्या प्रभागात तर चौघांची चार शीर्षकं, एकाच बागेत चार फलक. लाइन तुंबली की मात्र "तो भाग माझ्याकडे नाही".

गटारलाइन:
तुकडे पाडणारा, निधी नसला तरी, दुसरीकडे पाडेलच. त्यासाठी लेखापरीक्षण आहे, ते वापरा. चार सदस्यांबद्दल मात्र सहमत, तिथे जबाबदारी पातळ होते. मुंबईत २२७ प्रभागांना प्रत्येकी एकच नगरसेवक आहे, तिथे निदान दार कोणाचं ठोठवायचं हे माहीत असतं. बाकी शहरांत एका प्रभागात किती नगरसेवक हे सरकारं सोयीने बदलत आली: २००७ला एक, २०१२ला दोन, २०१७ला चार. लोकांनी सवय तरी कशाची करायची?

मोजमापवही:
मधला रस्ता असा. निधी ठेवा, पण तीन अटी घाला. दुरुस्ती आणि भूमिगत कामांनाच वापरायचा. फलक, बाकडी, कमानी वगळा. शीर्षकात ठिकाण आणि मोजमाप नसेल तर तरतूद नाही. चार सदस्यांचा प्रभाग असेल तर चौघांची मिळून एकच यादी, तीही प्रभाग समितीत वाचून. कलम २९अ प्रमाणे या समितीवर स्वयंसेवी संस्थांचे तीनपर्यंत सदस्य घेता येतात. त्या जागांकडे बहुतेक वेळा दुर्लक्ष होतं किंवा तिथेही पक्षाचेच कार्यकर्ते बसतात.

प्रभागफेरी:
पहिली अट मान्य. पण एकत्र यादी चौघं चार पक्षांचे असताना कशी होणार? प्रत्येकाला आपलं नाव पाहिजे.

मोजमापवही:
गल्लीनिहाय तक्रारींच्या आकड्यांवरून क्रम लावा. क्षेत्रीय कार्यालयात चोकअपच्या (लाइन तुंबल्याच्या) तक्रारींची नोंद असते. गेल्या दोन पावसाळ्यांची नोंद काढली की पहिल्या पाच जागा कोणत्या, यावर वाद घालायला फारशी जागा उरत नाही. सहाव्यापासून भांडा हवं तर.

गटारलाइन:
ती नोंद आधी मिळवून दाखवा. ज्या वस्तीत तक्रार कुठे करायची हेच माहीत नाही, तिथल्या लाइनची नोंद शून्य येईल आणि ती तुमच्या यादीत तळाला जाईल. तक्रारीसोबत मैलागाडीच्या (तुंबलेली लाइन उपसणारी गाडी) फेऱ्यांची लॉगबुकंही जोडा, मग बोलू.