मालकी, वारस आणि ‘करवून घेतलेले काम’ : सुपरहिरोंच्या हक्कांविषयी लिहिताना

अमेरिकी चित्रकथांमधील सुपरहिरोंचे हक्क त्यांच्या निर्मात्यांच्या कुटुंबीयांना मिळावेत की कंपनीकडेच राहावेत, या जुन्या वादाविषयी मराठीत लिहिताना ‘सुपरमॅनची मालकी वारसांकडे’ अशी शब्दयोजना सर्रास केली जाते. वाक्य सुटसुटीत आहे. परंतु त्यातले ‘मालकी’ आणि ‘वारस’ हे दोन्ही शब्द तिथल्या कायद्याशी जुळत नाहीत. त्यामुळे या कुटुंबांनी नेमके काय मागितले, काय मिळवले आणि काय गमावले, हे वाचकापर्यंत पोहोचतच नाही. शब्द बदलले तर बातमीचा अर्थही बदलतो, असे मला वाटते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

‘मालकी’पासून सुरुवात करू. क्लीव्हलँडचे जेरी सीगल आणि जो शूस्टर यांनी सुपरमॅनची १३ पानांची पहिली कथा मार्च १९३८ मध्ये डिटेक्टिव्ह कॉमिक्स या कंपनीला पानाला १० डॉलर या दराने, म्हणजे १३० डॉलरना दिली आणि सर्व हक्क कायमचे लिहून दिले. अमेरिकेच्या १९७६ च्या प्रताधिकार (कॉपीराइट) कायद्याने अशा जुन्या करारांबाबत एक नवी वाट खुली केली. प्रताधिकार सुरू झाल्यापासून ५६ वर्षे झाली की पुढच्या पाच वर्षांच्या मुदतीत, किमान दोन वर्षे आधी नोटीस देऊन, निर्मात्याला किंवा त्याच्या पश्चात कुटुंबीयांना ते हस्तांतरण संपुष्टात आणता येते. सीगल १९९६ मध्ये वारले. त्यांच्या पत्नी जोअ‍ॅन आणि कन्या लॉरा यांनी १९९७ मध्ये नोटीस दिली, ती १९९९ मध्ये अमलात यायची होती, आणि २००८ मध्ये कॅलिफोर्नियातील संघीय न्यायालयाने ती वैध ठरवली.

आता या निकालाने कुटुंबाला काय मिळाले, ते बारकाईने पाहावे. मिळाला तो अ‍ॅक्शन कॉमिक्स या नियतकालिकाच्या, ती पहिली कथा छापलेल्या, पहिल्या अंकातील सुपरमॅनच्या प्रताधिकाराचा अर्धा हिस्सा, कारण उरलेला अर्धा शूस्टर यांच्या बाजूचा होता. तोही फक्त अमेरिकेपुरता. परदेशांतील हक्क कंपनीकडेच राहिले. नाव, छातीवरचे चिन्ह इत्यादी व्यापारचिन्हेही कंपनीचीच राहिली. त्या पहिल्या अंकातला सुपरमॅन उंच उड्या मारतो, पण उडत नाही. उडण्याची शक्ती, क्रिप्टोनाइट, लेक्स ल्यूथर ही सगळी नंतरची भर, आणि त्या भरीवर कुटुंबाचा हक्क पोहोचत नव्हता. पुढे २००९ मध्ये न्यायालयाने आणखी थोडी सामग्री कुटुंबाच्या पारड्यात टाकली : चौथा अंक, ‘सुपरमॅन’ या स्वतंत्र नियतकालिकाच्या पहिल्या अंकातली काही पाने आणि वृत्तपत्रीय चित्रमालिकेचे पहिले दोन आठवडे. एवढ्या तुकड्यातुकड्यांच्या हक्काला ‘मालकी’ म्हटले की वाचकाला वाटते, उद्यापासून सुपरमॅनचा चित्रपट काढायला सीगल कुटुंबाची परवानगी लागणार. तसे कधीच नव्हते.

म्हणून इथे ‘प्रताधिकाराचा हिस्सा’ हाच शब्दप्रयोग योग्य आहे. ‘स्वामित्वहक्क’ हा पर्याय रूढ असला तरी त्यात स्वामित्व, म्हणजे पुन्हा मालकीच, डोकावते. ‘प्रताधिकार’मध्ये निदान प्रती काढण्याचा हक्क ही मर्यादित कल्पना शाबूत राहते.

‘वारस’ हा शब्द त्याहून अधिक दिशाभूल करतो. मराठीत वारस म्हणजे मयताच्या मागे ज्याच्याकडे मालमत्ता जाते तो. पत्नी आणि मुले नसतील तर भाऊबहीणही वारस ठरतात. वर सांगितलेला हक्क मात्र वारसाहक्काच्या वाटेने येत नाही. तो मृत्युपत्राने दुसऱ्या कुणाला देता येत नाही, कारण तो कायद्याने थेट विशिष्ट नातेवाइकांना दिला आहे : पती किंवा पत्नी, मुले आणि नातवंडे. जो शूस्टर १९९२ मध्ये वारले तेव्हा त्यांच्या मागे पत्नी नव्हती, अपत्यही नव्हते. भाऊ आणि बहीण होती, मराठी अर्थाने ती वारस होती, परंतु १९७६ च्या कायद्याच्या लेखी हस्तांतरण संपवण्याचा हक्क त्यांना नव्हता. १९९८ मध्ये कायदा बदलला, प्रताधिकाराची मुदत वाढली, आणि असे कोणी नातेवाईक हयात नसल्यास हा हक्क मयताच्या मालमत्तेच्या व्यवस्थापकाला मिळाला. तेव्हा कुठे शूस्टर यांच्या भाच्याला व्यवस्थापक या नात्याने नोटीस देता आली. ही गोष्ट ‘वारसांनी दावा केला’ या तीन शब्दांत सांगितली की तिच्यातला सगळा पेच नाहीसा होतो. माझी सूचना अशी की अशा लेखनात ‘कुटुंबीय’ म्हणावे आणि नाते नेमके सांगावे. पत्नी, कन्या, भाचा हे शब्द आपल्याकडे आहेतच.

आता सर्वांत कठीण आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची संज्ञा. अमेरिकी कायद्यात ‘वर्क मेड फॉर हायर’ नावाचा एक वर्ग असा आहे की ज्यात काम हाताने कुणीही केलेले असो, कायदा त्याचा कर्ता म्हणून काम देणाऱ्यालाच ओळखतो. अशा कामाचे हस्तांतरण झालेलेच नसते, त्यामुळे ते संपवण्याचा प्रश्नही उद्भवत नाही. याला मराठीत ‘भाडोत्री काम’ म्हटलेले वाचले की मला फार वाईट वाटते. त्या शब्दात कलावंताविषयी तुच्छता आहे, आणि अर्थही चुकतो. ‘नोकरीतील काम’ म्हणणेही पुरेसे नाही, कारण हा वाद नोकरीत नसलेल्यांचाच आहे.

जॅक कर्बी यांचे उदाहरण घ्यावे. फँटास्टिक फोर, हल्क, थॉर, एक्स-मेन यांच्या जडणघडणीत ज्यांचा हात होता ते कर्बी मार्व्हलचे पगारी नोकर नव्हते. ते घरी बसून, स्वतःच्या पेन्सिली आणि स्वतःचा कागद वापरून काम करत आणि पानाच्या हिशेबाने पैसे घेत. नापसंत पानांचे पैसे देण्याचे बंधन कंपनीवर नव्हते. २००९ मध्ये त्यांच्या चार मुलांनी १९५८ ते १९६३ या काळातील २६२ कृतींबाबत नोटिसा दिल्या. न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने २०११ मध्ये आणि अपील न्यायालयाने ऑगस्ट २०१३ मध्ये निकाल कंपनीच्या बाजूने दिला. कसोटी अशी होती की काम कुणाच्या सांगण्यावरून आणि कुणाच्या खर्चाने झाले.

ही कसोटी सांगायला मराठी क्रियापदातच सोय आहे. ‘करणे’ आणि ‘करवून घेणे’ यांतला फरक लहान मुलालाही कळतो. कर्बींनी चित्रे काढली की मार्व्हलने ती काढवून घेतली, एवढाच तो खटला होता. म्हणून या संज्ञेसाठी ‘करवून घेतलेले काम’ हा शब्दप्रयोग मी सुचवतो. तो थोडा लांब आहे, पण पानावर मोल घेणारा स्वतंत्र चित्रकारही त्यात बसतो आणि कुणाचा अवमान होत नाही. आपल्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्याच्या कलम १७ मध्येही छायाचित्र, रंगचित्र, व्यक्तिचित्र यांबाबत, मोबदला देऊन एखाद्याच्या सांगण्यावरून काम झाले असेल तर विरुद्ध करार नसल्यास ते सांगणाराच प्रथम मालक ठरतो. म्हणजे ही कल्पना आपल्याला परकी नाही.

एक बारकावा इथे विसरता कामा नये. काम झाल्यानंतर त्यावर अशी चिठ्ठी लावून भागत नाही. कॅप्टन अमेरिकाचे सहनिर्माते जो सायमन यांनी १९६९ च्या तडजोडीत ते काम करवून घेतलेलेच होते असे मान्य केले होते. तरीही २००२ मध्ये अपील न्यायालयाने सांगितले की मागाहून दिलेल्या अशा कबुलीमुळे हस्तांतरण संपवण्याचा हक्क बुडत नाही. कर्बी कुटुंबाचा वाद मात्र सर्वोच्च न्यायालय त्यांचा अर्ज विचारात घेणार त्याच्या काही दिवस आधी, सप्टेंबर २०१४ मध्ये, तडजोडीने मिटला.

पैशाच्या शब्दांतही असाच घोळ होतो. १९३८ चे १३० डॉलर हे ‘मानधन’ नव्हते, तो ‘मोबदला’ होता. १९७५ मध्ये, सुपरमॅनच्या चित्रपटाची तयारी सुरू असताना, डिटेक्टिव्ह कॉमिक्स तोवर जिच्या ताब्यात आली होती त्या वॉर्नर कंपनीने सीगल आणि शूस्टर यांना प्रत्येकी वर्षाला २०,००० डॉलर देऊ केले. याला अनेक जण ‘रॉयल्टी’ किंवा ‘स्वामित्वधन’ म्हणतात, परंतु विक्रीशी त्या रकमेचा संबंध नव्हता. त्यासाठी आपला जुना ‘वर्षासन’ हा शब्द अचूक आहे, कारण वर्षासन देणाऱ्याच्या मर्जीचा भाव त्यात आहे. शूस्टर यांच्या मृत्यूनंतर बहिणीला वर्षाला २५,००० डॉलर ठरले आणि १९९२ च्या त्या करारावर भावंडांच्या सह्या झाल्या. त्या कराराने जुने हस्तांतरण मागे पडून नवे झाले, सबब आता संपवण्यासारखे जुने काही उरले नाही, असे न्यायालयाने २०१२ मध्ये ठरवले आणि २०१३ मध्ये अपिलातही ते टिकले. सीगल कुटुंबाच्या बाजूचा निकालही २०१३ मध्येच उलटला : ऑक्टोबर २००१ मध्ये त्यांच्या वकिलाने पाठवलेले पत्र म्हणजेच कंपनीशी झालेला पक्का करार, असे अपील न्यायालयाने म्हटले. मला हे दोन्ही निकाल कुटुंबांवर अन्याय करणारे वाटतात.

शेवटी श्रेयाचा मुद्दा. सुपरमॅनच्या अलीकडच्या चित्रपटांत निर्मात्यांच्या नावांनंतर सीगल कुटुंबाशी झालेल्या विशेष व्यवस्थेचा उल्लेख करणारी ओळ येते. तिचे मराठी ‘सीगल कुटुंबाच्या सौजन्याने’ असे करू नये. सौजन्य म्हणजे मोबदल्याविना दाखवलेला चांगुलपणा. इथे नोटीस, खटला आणि करार झालेला आहे. ‘जेरी सीगल यांच्या कुटुंबीयांशी झालेल्या विशेष करारान्वये’ असे लिहावे.