स्वतःच्या जगासाठी मृत्यूदेव: काम, डोमेन आणि परत आणण्याचे नियम

दक्षिणदार
डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून खेळायचा भूमिकांचा खेळ) पाचवी आवृत्ती, २०१४ चे नियम, जग स्वतःचं. पाच खेळाडू, सुरुवात तिसऱ्या लेव्हलपासून. त्यातल्या एकीला मृत्यूदेवाची क्लेरिक (देवाच्या बळावर जादू करणारी पुजारीण) खेळायची आहे. वहीत या देवाबद्दल सध्या एवढंच आहे: काळा झगा, कवटी, विळा, दुष्ट, सांगाड्यांची फौज. पण अशा देवाला पार्टीतली क्लेरिक का भजेल आणि गावातली साधी माणसं त्याचं देऊळ कशाला बांधतील, हे सुटत नाहीये. दुसरी अडचण नियमांची. मेलेल्याला परत आणणं या देवाला पसंत नसेल, तर पाचव्या लेव्हलला मिळणारं 'रिव्हिव्हिफाय' (नुकत्याच मेलेल्याला उठवणारं स्पेल, म्हणजे मंत्र) काढून घ्यायचं का? आणि डोमेन (क्लेरिकला देवाकडून मिळणाऱ्या खास शक्तींचा संच) डेथ द्यावं की ग्रेव्ह?

नैमिषारण्य
आधी देवाचं काम ठरवा, रूप मागाहून. मृत्यूभोवती निदान चार कामं असतात: प्राण घेणं, आत्म्याला पलीकडे नेणं, निवाडा करणं, आणि गेलेल्याला परत येऊ न देणं. चारही एकाच्या हाती दिली तर देवाला अडणारं कोणीच उरत नाही, आणि खेळाडूंनाही काही करायला उरत नाही. आपल्याकडे आणायला यमदूत, हिशेब चित्रगुप्ताकडे, निवाडा यमाचा. इजिप्तमध्ये अनुबिस हृदय तराजूत घालतो, थॉथ नोंद करतो आणि ओसायरिस गादीवर बसतो. कामं वाटलेली असली की नोंद चुकते, दूत भलत्याच माणसाला उचलून आणतो, आणि तिथून साहस सुरू होतं.

महाभारतात यासाठी भरपूर सामग्री आहे. आदिपर्वात यम नैमिषारण्यातल्या सत्रात दीक्षा घेऊन बसतो आणि तेवढा काळ माणसं मरतच नाहीत. देव घाबरून ब्रह्मदेवाकडे धाव घेतात. अख्खी मोहीम इथेच तयार आहे: जखमी तडफडताहेत, पण सुटका नाही, आणि देवाला यज्ञातून उठवायला कोणीतरी गेलं पाहिजे. अणीमांडव्याची कथाही घ्या. लहानपणी किड्यांच्या शेपटीत काडी खुपसली म्हणून या ऋषीला सुळावर जावं लागतं. एवढ्याशा पापाला एवढी शिक्षा म्हणून तो निवाडा करणाऱ्या धर्मालाच शाप देतो, आणि धर्माला विदुर होऊन दासीच्या पोटी यावं लागतं. चौदा वर्षांपर्यंतच्या कृत्याला पाप नाही, ही मर्यादाही तो तिथेच घालून देतो. शांतिपर्वातला मृत्यू तर स्त्री आहे. ब्रह्मदेव तिला प्राण घ्यायला सांगतो, ती रडते, नाही म्हणते, आणि तिच्या अश्रूंचेच पुढे रोग होतात. मला ही काळ्या झग्यापेक्षा कितीतरी भयंकर वाटते, कारण तिची दया येते.

म्हणून वहीत पहिली ओळ अशी लिहा: या देवाला स्वतःलाही मोडता येणार नाही असा नियम कोणता? कठोपनिषदात नचिकेत दारात तीन रात्री उपाशी राहतो, म्हणून यमाला तीन वर द्यावे लागतात. देव नियमाने बांधलेला असला की त्याच्याशी बोलणी करता येतात.

वीसबाजू
डोमेन ग्रेव्हच. डेथ डोमेन डंजन मास्टर्स गाईडमध्ये (खेळ चालवणाऱ्या डीएमच्या पुस्तकात) खलनायकांसाठी म्हणूनच दिलं आहे. त्यातली बहुतेक ताकद नेक्रॉटिक (प्राण शोषणारं) डॅमेज वाढवण्यात जाते, बाकीच्या चौघांना फारसं काही मिळत नाही.

ग्रेव्हमध्ये शून्य हिट पॉइंटवरच्या (मरणाच्या दारातल्या) जिवावर हीलिंग केलं तर फासे टाकायचेच नाहीत, प्रत्येक फाशाची कमाल धरायची. पहिल्या लेव्हलच्या स्लॉटचं (स्लॉट म्हणजे स्पेल टाकायला खर्च होणारी मोजकी ताकद) क्युअर वूंड्स म्हणजे सरळ ८ अधिक विज्डम मॉडिफायर (क्लेरिकच्या शहाणपणाचा वाढीव आकडा). एरवी हात लावून, अख्खी अॅक्शन (पाळीतली मुख्य कृती) घालवून करायचं 'स्पेअर द डाइंग' (मरणाऱ्याला तगवून धरणारं स्पेल) इथे ३० फुटांवरून, बोनस अॅक्शनमध्ये (जोडीच्या छोट्या कृतीत) होतं. 'वेळ झालेली नाही, त्याला जाऊ देणार नाही' अशा देवाला हे चपखल बसतं.

दुसऱ्या लेव्हलचं 'पाथ टू द ग्रेव्ह' नीट वापरायला मात्र टेबलावर आधी बोलून घ्यावं लागतं. ३० फुटांतल्या शत्रूवर अॅक्शन खर्चून हा शाप ठेवला की तुमच्या किंवा मित्राच्या पुढच्या लागलेल्या हल्ल्याचं सगळं डॅमेज दुप्पट. रोगचा (Rogue, चोरट्या पात्राचा) स्नीक अटॅक किंवा पॅलाडिनचा (धर्मयोद्ध्याचा) स्माइट, असा एखादा जबर फटका त्यावर बसला तर लढाई तिथेच फिरते. पण मध्येच कोणी खंजीर फेकला आणि तो लागला, तर शाप त्या चार पॉइंटांवर संपला. फायरबॉलवर तो चालत नाही, कारण त्यात हल्ल्याचा फासाच नसतो. आणि क्लेरिकच्या पुढच्या टर्नच्या शेवटापर्यंत कोणाचा हल्ला लागला नाही, तर चॅनल डिव्हिनिटी (हा शाप ज्यातून येतो ती देवाची शक्ती) वाया. सहाव्या लेव्हलपर्यंत ती एका रेस्टला (विश्रांतीला) एकदाच मिळते.

उंबरठा
स्पेल काढून घेऊ नका. रिव्हिव्हिफायची मुदत मरणानंतर एकच मिनिट आहे. तोवर आत्मा दारातच उभा आहे, देवाच्या वहीत नाव चढलेलं नाही, असं धरा. तिथे त्याचा आक्षेपच नाही.

खरा प्रश्न नवव्या लेव्हलला, रेज डेड (मरून काही दिवस झालेल्याला परत आणणारं स्पेल) पासून. मुदत १० दिवस, ५०० सोन्याच्या नाण्यांचा हिरा, तासभराचा विधी. परत आलेल्याला हल्ले, सेव्ह (संकटातून वाचायचा फासा) आणि चेकवर (कौशल्याच्या फाशावर) उणे ४, दर लाँग रेस्टला (रात्रभराच्या विश्रांतीला) एकेक कमी होत जातं. त्यात एक अट आधीच आहे: आत्मा मोकळा आणि राजी हवा. देवाला इथेच आणून बसवा. तो अडवत नाही, विचारतो: कशासाठी परत जायचंय? उत्तर खेळाडूनेच द्यायचं, आणि ते काम पुरं होईपर्यंतची ती मुदतवाढ.

एक गोष्ट टाळा. 'देव मान्य करतो का' म्हणून डी२० (वीस बाजूंचा फासा) टाकायला लावू नका. हिरा गेला, तास गेला आणि वर फासा उलटा पडला, की खेळाडू देवावर नाही, डीएमवर चिडतो. परत येणं दुर्मीळ करायचं असेल तर हिरे दुर्मीळ करा. रिव्हिव्हिफायलाही ३०० नाण्यांचे लागतात आणि दोन्हीकडे ते खर्ची पडतात. खजिन्यात हिरे किती टाकायचे हे तुमच्याच हातात आहे.

तिन्हीसांजा
गावाने देऊळ का बांधावं, याचं उत्तर आपल्या घरातच आहे. धनत्रयोदशीला कणकेचा दिवा करून, वात दक्षिणेकडे करून घराबाहेर ठेवतात. यमाला दिलेलं ते दान, अपमृत्यू टळावा म्हणून. भाऊबीजेला तोच यम बहिणीकडे, यमुनेकडे जेवायला जातो. ज्याला लोक भितात, त्याचं नातंही सांभाळतात.

दहाव्याचा कावळा तर थेट खेळात आणता येतो, कारण रेज डेडची मुदतही नेमकी १० दिवसांची आहे. नदीकाठी पिंड मांडलेत, माणसं दहा पावलं मागे सरून उभी आहेत, कावळे फांदीवर आहेत पण एकही उतरत नाही. मग एकेक जण पुढे येऊन बोलतो: मुलीचं लग्न मी करीन, कर्ज मी फेडीन. तरीही शिवला नाही तर शेवटी दर्भाचा कावळा. तुमच्या जगात कावळा शिवला म्हणजे आत्मा परत यायला राजी नाही, हिरा वाया घालवू नका. नाही शिवला तर काहीतरी राहिलंय, आणि ते शोधणं क्लेरिकचं काम. 'स्पीक विथ डेड'ने (प्रेताशी बोलायच्या स्पेलने) पाच प्रश्न विचारता येतात, पण देहाला तोंड शाबूत हवं. म्हणजे दहन दहाव्यानंतर, असा रिवाज आधीच लिहून ठेवा.

सांगाड्यांची फौज मात्र या देवाकडून काढा. भुतांचा स्वामी वेगळा ठेवा, जसा कोकणात नि गोव्यात वेताळ आहे. आणि टेबलावर कोणाच्या घरी नुकतं कोणी गेलं असेल, तर दहाव्याचा प्रसंग आणण्याआधी त्या व्यक्तीला एकटं गाठून विचारा.

दक्षिणदार
कावळा घेतोच. पण जेंटल रिपोज (देह कुजू न देणारं स्पेल) टाकलं तर ते टिकेल तेवढे दिवस मुदतीत मोजत नाहीत, आणि ते रिच्युअल म्हणून, म्हणजे स्लॉट न खर्चता, फुकट टाकता येतं. मग दहाव्या दिवसाला अर्थ काय उरला?

उंबरठा
एका देहावर एकदाच, असा देवाचा नियम करा. रिपोजचे १० दिवस अधिक रेज डेडचे १०, म्हणजे विसावा दिवस शेवटचा, आणि पिंड त्या दिवशी. हेच देवळाचं रोजचं काम होऊ दे: गरिबाचा मुलगा परगावाहून येईपर्यंत देह जपून ठेवायचा, पैसे न घेता. त्या स्पेलला चिमूटभर मीठ आणि प्रत्येक डोळ्यावर एक तांब्याचं नाणं लागतं, आणि ती नाणी मुदतभर तिथेच राहावी लागतात. कोणी रात्री येऊन ती उचलली तर स्पेल तुटलं. पहिलं सत्र तिथून सुरू करा: देवळात सात देह, आणि एकाच्या डोळ्यांवरची नाणी गायब.