रक्त 'गोठणे' की 'साकळणे'?

आशाताईंसाठी नवजात बाळांच्या काळजीची पत्रिका लिहिते आहे. एक वाक्य अडलंय: 'बाळाचं अंग फार थंड झालं की रक्त गोठण्याची क्रिया मंदावते.' वाचून दाखवलं, तर एक ताई म्हणाल्या, "गारठ्यात तर सगळं गोठतं, मग रक्तच कसं नाही?" चूक त्यांची नाही, शब्दाची आहे. थंडीत तूप गोठतं, तसंच रक्तही गोठत असणार, असं हा शब्दच सुचवतो. दुसरा शब्द सांगाल का?

— 'साकळणे' घ्या. मुका मार लागला की "रक्त साकळलं" म्हणतोच आपण, त्यात थंडीचा वास नाही. मात्र ऐकणाऱ्याला काळानिळा डाग आठवेल, वाहतं रक्त थांबणं नाही.

— मी नवजात शिशू विभागात परिचारिका आहे. उपमाच हवी तर तुपाची सोडा, विरजणाची घ्या. हिवाळ्यात दही लागत नाही म्हणून आपण पातेलं गोधडीत गुंडाळतो ना? रक्ताचंही तसंच. गुठळी बनवणारी विकरं (एन्झाइम) उबेत नीट चालतात, अंग गार झालं की मंदावतात. प्लेटलेटही एकमेकींना धड चिकटत नाहीत. बाळाचं तापमान 36.5 ते 37.5 अंश सेल्सिअस असावं. 32 च्या खाली गेलं तर ते अतिगंभीर. अशा बाळाला सुई टोचली तिथून रक्त झिरपत राहतं, कधी फुप्फुसातही रक्तस्राव होतो. आणि प्रयोगशाळेत नमुना 37 अंशांवर तपासतात, त्यामुळे रिपोर्ट बरा दिसू शकतो, बाळ मात्र तितकं बरं नसतं. वॉर्डात आम्ही 'गोठणे' म्हणतच नाही. "रक्त थांबत नाहीये" एवढंच म्हणतो.

पत्रिकेत 'बाळ कुडकुडतंय का पाहा' असं असेल, तर कृपा करून काढा. नवजात बाळ सहसा कुडकुडत नाही. ते गप्प पडून राहतं, दूध नीट ओढत नाही. हाताची मागची बाजू आधी पोटाला, मग तळपायाला लावून बघा. दोन्ही गार लागली तर थांबू नका.

— विरजणाचा दाखला फार नेमका! रक्त गोठण्याला इंग्रजीत 'कोॲग्युलेशन' म्हणतात, त्याच्या मुळाशी असलेला लॅटिन शब्दही दूध विरजवणाऱ्या पदार्थाचाच. रक्त गोठायला लागणाऱ्या के जीवनसत्त्वातलं 'के'ही 'कोॲग्युलेशन'च्या जर्मन रूपावरून आलं.

— मग असं लिहिते: 'बाळ गार लागलं तर रक्त लवकर थांबत नाही. आईच्या उघड्या छातीशी धरा, टोपी घाला, वरून पांघरूण घ्या आणि तसंच दवाखान्यात न्या.' 'थंड पडलं' मुद्दाम टाळलंय. आमच्याकडे ते गेलेल्या माणसाबद्दल म्हणतात.