घरच्या सर्व्हरला (सगळ्यांच्या फाईली ठेवणाऱ्या पीसीला) ओएस म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम कुठली? मी म्हणतो ट्रूनॅस नको, ओपनमीडियाव्हॉल्टच

देवरुखकर
घरी एक जुना डेस्कटॉप रिकामा पडलाय, सहाव्या जनरेशनचा आय५, ८ जीबी रॅम. डिस्क तीन, दोन ४ टीबीच्या आणि एक २ टीबीची, तिन्ही वेगवेगळ्या वर्षी घेतलेल्या. त्यावर घरातल्या सगळ्यांच्या मोबाईलचे फोटो, आईने टेपवरून उतरवून घेतलेल्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या आणि हॉलमधल्या टीव्हीला पिक्चर दाखवणारं जेलीफिन असं सगळं ठेवायचंय. महिनाभर रोज रात्री वाचतोय आणि माझं मत पक्कं होत चाललंय की आपल्यासारख्या घरात ट्रूनॅस घालू नये, डेबियन लिनक्सवर चालणारं ओपनमीडियाव्हॉल्ट घ्यावं (दोन्ही अशा सर्व्हरच्याच ओएस) आणि त्यात मर्जरएफएस आणि स्नॅपरेड. स्नॅपरेड एका डिस्कवर पॅरिटी ठेवतं, म्हणजे दुसरी डिस्क गेली तर तिचा डेटा परत बनवायला लागणारा हिशेब. मर्जरएफएस तिन्ही डिस्क एका फोल्डरसारख्या दाखवतं पण प्रत्येक फाईल अख्खीच्या अख्खी एकाच डिस्कवर असते. उद्या मदरबोर्ड उडाला तरी डिस्क काढायची, दुसऱ्या पीसीला लावायची, फाईल समोर. मी कामामुळे महिना महिना बाहेर असतो, मागे बायको आणि आईबाबा, त्यांच्या हाताने निस्तरता येईल असंच काहीतरी पाहिजे. तुम्हाला काय वाटतं?

अभ्या
अजिबात पटलं नाही. फोटो ठेवायचे असतील तर झेडएफएस ही फाइलसिस्टिमच (डिस्कवर फाईली मांडायची पद्धत), आणि झेडएफएस सुखाने वापरायचं तर ट्रूनॅस. माझ्या बहिणीच्या लग्नाचा एक फोटो आहे, २०११ चा. वरचा अर्धा भाग व्यवस्थित, मामाच्या खांद्यापासून खाली सगळं राखाडी. डिस्क चालू होती, एरर कुठलीच नव्हती, फाईल आतल्या आत सडली. मी दरवर्षी बॅकअप घेत होतो म्हणून निर्धास्त होतो, पण बॅकअपमध्ये सडलेलीच फाईल कॉपी होत गेली आणि चांगली प्रत असलेली जुनी डिस्क मी तोवर विकून टाकली होती. झेडएफएस प्रत्येक ब्लॉकचा (डेटाच्या तुकड्याचा) चेकसम, म्हणजे बदल झाला का ते ओळखायचा आकडा, ठेवतं, मिरर (दोन डिस्कवर तोच डेटा) असेल तर वाचताना खराब ब्लॉक सापडला की दुसऱ्या डिस्कवरून दुरुस्त करतं. २००५ साली सन या संगणक कंपनीच्या लोकांनी त्याचा कोड खुला केला, तेव्हापासून ते हेच काम करतंय.

देवरुखकर
अभ्या, फोटोचं वाचून खरंच वाईट वाटलं. पण चेकसम स्नॅपरेडमध्ये पण असतात रे, स्क्रब म्हणजे तपासणी चालवली की सडलेली फाईल सापडते आणि पॅरिटीवरून परत मिळते. आणि माझ्या डिस्क बघ ना, ४, ४ आणि २. झेडएफएसच्या रेडझेड१ मध्ये (यात एका डिस्कएवढी जागा पॅरिटीला जाते) तिन्ही २ च्याच धरल्या जाणार म्हणजे हातात जेमतेम ४ टीबी. स्नॅपरेडमध्ये एक ४ ची पॅरिटीला दिली की ६ टीबी मोकळी. शिवाय ट्रूनॅसला बूटसाठी वेगळी डिस्क लागते, त्यावर डेटा ठेवता येत नाही, आणि ८ जीबी रॅम म्हणजे त्यांनी सांगितलेलं कमीत कमी.

अभ्या
रेडझेड कशाला करतोस, दोन ४ टीबीचा मिरर कर आणि २ टीबीची बॅकअपला ठेव. आणि स्नॅपरेडची खरी अडचण तू लिहिलीच नाहीस. त्याची पॅरिटी तू सिंक (पॅरिटी ताजी करायची कमांड) चालवशील तेव्हाच बनते. समजा सिंक रात्री ३ ला लावलाय, संध्याकाळी घरच्यांनी बारशाचे फोटो टाकले, मोबाईल रिकामा केला आणि १० वाजता ती डिस्क गेली, तर ते फोटो गेले, पॅरिटीत ते आलेच नव्हते. पिक्चरच्या फाईलींना स्नॅपरेड उत्तम, त्याबद्दल वाद नाही. बारशाच्या फोटोंना नाही.

मुग्धा
तुम्ही दोघंही अनरेड या ओएसचं नाव का घेत नाही? पैसे पडतात हे मान्य, आणि मार्च २०२४ पासून स्वस्तातल्या दोन लायसन्सवर अपडेट एक वर्षच मिळतात, पण वेगवेगळ्या मापाच्या डिस्क चालतात, फाईल एकाच डिस्कवर राहते आणि वर पॅरिटी जागच्या जागी लिहिली जाते, म्हणजे अभ्याने सांगितलेला रात्री ३ चा प्रश्नच नाही. लिहिण्याचा वेग कमी पडतो, तेवढं सोसावं लागतं. विजेचंही बघा, पिक्चर ज्या डिस्कवर आहे तेवढीच फिरते, बाकीच्या झोपलेल्या. ४० वॅटची मशीन चोवीस तास म्हणजे महिन्याला २९ युनिट जातात, आमचं बिल १०० युनिटच्या आसपास घुटमळतं त्यामुळे मला ते जाणवतं.
आणि एक राहिलं, सहाव्या जनरेशनचा आय५ १० बिट एचईव्हीसी (व्हिडिओ दाबून लहान करायचा एक प्रकार) हार्डवेअरवर डीकोड करत नाही, ते सातव्यापासून पुढे. तुमचा टीव्ही ती फाईल थेट वाजवत असेल तर प्रश्न नाही, नाहीतर पिक्चर अडकत अडकत चालेल आणि तुम्ही ओएसला दोष देत बसाल.

देवरुखकर
मुग्धाताई, १० बिटचं माहीत नव्हतं, आज टीव्हीवर एक फाईल लावून बघतो. पण वर्षावर्षाला अपडेटचे पैसे भरायचं माझ्या मनाला पटत नाही, माझ्यामागे ते कोण भरणार.

नीलपक्षी
देवरुखकर, तुमचा मूळ मुद्दाच मला कच्चा वाटतो. "डिस्क काढायची, दुसऱ्या पीसीला लावायची", ठीक. घरात दुसरा पीसी कुठला आहे? विंडोजचा लॅपटॉपच असणार. तो लिनक्सची ईएक्सटी४ फाइलसिस्टिम वाचत नाही, झेडएफएसही वाचत नाही, अनरेडचं एक्सएफएसही नाही. आमच्या शेजाऱ्यांकडे नेमकं हेच झालं, ते वारल्यावर त्यांच्या मुलाने डिस्क केसमध्ये घालून लॅपटॉपला लावली, विंडोजने विचारलं फॉरमॅट करू का, त्याने हो म्हटलं. नंतर ती डिस्क घेऊन तो माझ्याकडे आला होता, थोडे फोटो निघाले, त्यांची नावं आणि तारखा सगळ्या गेलेल्या. घरच्यांसाठी म्हणून ओएस निवडत असाल तर तुमच्या तिघांच्याही ओएसने ते साधत नाही.

देवरुखकर
काका, हे मी धरलंच नव्हतं. तुमचं वाचून मिसेसला विचारलं की डिस्क लावल्यावर लॅपटॉपने असा प्रश्न विचारला तर काय करशील. ती म्हणाली, हो म्हणेन, नाहीतर ती उघडणार कशी?
तर आता असं करतोय. ओएस ओपनमीडियाव्हॉल्टच, पिक्चर मर्जरएफएस-स्नॅपरेडवर. फोटो आणि ओव्या मोबाईलवरून आधी २ टीबीच्या डिस्कवर येतील आणि तासातासाला ४ टीबीच्या डिस्कवर त्यांची दुसरी प्रत. तिसरी प्रत एक्सएफॅटच्या एक्स्टर्नल डिस्कवर, कुठल्याही लॅपटॉपला उघडेल अशी, ती चिपळूणला बहिणीकडे, दर महिन्याला जाणं होतंच. डिस्कच्या पाकिटावर मार्करने लिहिणार, फॉरमॅट विचारलं तर नाही म्हणा.

अभ्या
तीन प्रती झाल्या हे चांगलं, पण सडलेली फाईल तिन्हीकडे जाण्याची माझी भीती तशीच आहे, आणि तुझ्या जागी मी अजूनही मिररच केला असता. निदान एवढं कर, फोटो आणि ओव्या दोन्हींच्या प्रत्येक फाईलचा शा-२५६ चेकसम काढून ती यादी बहिणीकडच्या डिस्कवर ठेव. चिपळूणला जाशील तेव्हा नवीन प्रत टाकायच्या आधी यादीशी ताडून बघ, फरक दिसला तर जुनी प्रत पुसू नको.

देवरुखकर
हे करतो, ओव्यांची यादी आत्ताच काढून झाली. १३७ फाईली आहेत, त्यातल्या दोन आत्ताच उघडत नाहीयेत. टेप अजून आईच्या कपाटात आहेत, उद्या त्या दोन परत उतरवतो.